कोणी ‘कम्युनिटी सुरू करा’ म्हणालं तर

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी साहेबांनी बोलावून सांगितलं, “आपल्याकडे एक कम्युनिटी ऑफ प्रॅक्टिस सुरू करायचीय. तीन महिन्यांत काहीतरी दिसायला हवं.” मी ‘हो सर’ म्हटलं आणि जागेवर येऊन त्या शब्दाचा अर्थ शोधला. एकच काम करणारी, एकमेकांकडून शिकणारी मंडळी, असा काहीसा निघाला. मी ट्रेनिंग विभागात होते आणि कंपनी लिफ्टच्या देखभालीचं काम करायची. तोवर मी लिफ्टचं बटण दाबण्यापलीकडे काही केलेलं नव्हतं.

तीन महिन्यांत दिसायला हवं म्हटल्यावर मी दिसेल असंच काम केलं. ग्रुपला नाव दिलं, बोधचिन्ह काढून घेतलं, मोठ्या साहेबांच्या हस्ते उद्घाटन केलं. यादीत 43 मेकॅनिकची नावं होती. तिसऱ्या बैठकीला चार जण आले आणि त्यातले दोघे माझ्याच विभागातले होते.

कामाच्या जागी लोकांना शिकतं ठेवायच्या या क्षेत्रात नव्यानं येणाऱ्यांसाठी लिहितेय, म्हणून फजितीपासूनच सुरुवात केली. तुम्हालाही कधी ना कधी असाच आदेश येईल. फक्त शब्द बदलतील. ‘नॉलेज शेअरिंग वाढवा’ म्हणतील, ‘सोशल लर्निंग आणा’ म्हणतील.

आधी या शब्दांचा गुंता सोडवू, कारण मुलाखतीत हमखास इथेच घसरायला होतं. ‘सोशल लर्निंग’ म्हटलं की मानसशास्त्र शिकलेल्यांना अल्बर्ट बांडुरा आठवतात. 1961 साली स्टॅनफर्डमध्ये त्यांनी 72 लहान मुलांवर प्रयोग केला. मोठ्या माणसाला फुगवलेल्या बाहुलीला बडवताना पाहिलेली मुलं पुढे स्वतःही तिला तसंच बडवू लागली. थोडक्यात, बक्षीस किंवा शिक्षा वाट्याला आली नाही तरी माणूस नुसतं बघून शिकतो. दुसरा धागा मानववंशशास्त्राकडून येतो. जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी 1991 मध्ये मांडलं, की शिकणं म्हणजे एखाद्या कामकरी मंडळींत हळूहळू सामील होत जाणं. कम्युनिटी ऑफ प्रॅक्टिस ही कल्पना इथली. आणि सॉफ्टवेअर विकणाऱ्यांच्या तोंडी ‘सोशल लर्निंग’ म्हणजे लाइक आणि कॉमेंटची सोय असलेलं ट्रेनिंगचं ॲप. समोरचा यातल्या कुठल्या अर्थानं बोलतोय हे पहिल्या पाच मिनिटांत ओळखायला शिका. माझे साहेब तिसऱ्या अर्थानं बोलत होते, मी दुसरा अर्थ वाचत होते आणि मेकॅनिकांना यातल्या कशाशीच देणंघेणं नव्हतं.

‘कम्युनिटी’ या शब्दानं मराठीत भलतंच काही डोळ्यांपुढे येतं. मी मनातल्या मनात ‘एका कामातली मंडळी’ म्हणते. वेंगर यांनी 2002 मध्ये दोन सहकाऱ्यांबरोबर तिच्या तीन खुणा सांगितल्या. सगळ्यांना आस्था असलेला एक विषय, एकमेकांना ओळखणारी माणसं आणि रोजच्या कामात वापरायच्या युक्त्या-हत्यारांचा साठा. माझ्या पहिल्या ग्रुपचा विषय होता ‘तांत्रिक उत्कृष्टता’. रात्री दोन वाजता लिफ्ट अडकल्याचा कॉल येतो तेव्हा कुणालाही तांत्रिक उत्कृष्टतेबद्दल आस्था नसते.

ग्रुप पडल्यावर मी हट्टानं मेकॅनिकांबरोबर कॉलवर जायला लागले. या क्षेत्रातलं माझं खरं शिक्षण तिथं झालं.

एका बहुमजली ऑफिसच्या इमारतीतून एकच तक्रार परत परत येत होती. तळमजल्यावर लिफ्टचं दार पूर्ण मिटायचं नाही. दार मिटलं नाही की लॉकचा कॉन्टॅक्ट जुळत नाही आणि लिफ्ट जागची हलत नाही. एक तरुण मेकॅनिक तीनदा जाऊन आला होता. त्यानं उंबऱ्याच्या खाचेतली माती काढली, रोलर बदलले, शेवटी कॉन्टॅक्टही बदलला. दर वेळी त्याच्यासमोर दार व्यवस्थित मिटायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन.

चौथ्या वेळी त्याच्याबरोबर एक वरिष्ठ मेकॅनिक गेले, आणि मी. हिवाळ्यातली सकाळ होती. त्यांनी पिशवी उघडलीच नाही. लॉबीत भिंतीला टेकून अर्धा तास नुसते उभे राहिले. मी चुळबुळ करत होते. मग इमारतीच्या मुख्य दाराशी गेले आणि पायानं एक वीट बाजूला सारली. सकाळी सामान आत घेताना दार मिटू नये म्हणून कुणीतरी ती रोज लावून ठेवायचं. इमारत आतून उबदार, बाहेर थंडी. दार सताड उघडं राहिलं की बाहेरची हवा आत घुसायची आणि धुराड्यातून धूर चढावा तशी लिफ्टच्या शाफ्टमधून वर चढायची. त्या ओढीनं दाराचे पल्ले दाबले जायचे आणि त्यांना मिटवणाऱ्या यंत्रणेचा जोर अपुरा पडायचा. तरुण मेकॅनिक दर वेळी दुपारी पोचायचा. तोवर सामान आत आलेलं असायचं आणि वीट निघालेली असायची.

“मॅडम,” ते मला म्हणाले, “मॅन्युअलमध्ये दाराचं सगळं आहे. इमारतीचं काही नाही.”

संध्याकाळी सुटे भाग परत करायला सगळे स्टोअरच्या खिडकीशी जमले. तिथं एक बाक होता. खिडकीवरचा कारकून एकेकाच्या पावत्या लिहीपर्यंत बाकीचे बाकावर बसायचे. तिथं विटेची गोष्ट सांगून झाली, मग दुसऱ्यानं त्याच्या इमारतीतली सांगितली, तिसरा म्हणाला, ‘थांब, माझ्याकडे वरच्या मजल्यावर असंच होतं.’ मी ज्याचं उद्घाटन केलं होतं ते इथं उद्घाटनाशिवाय कितीतरी वर्षं चालू होतं.

पुढे वाचनात आलं, की हे नेमकं कुणीतरी आधीच टिपून ठेवलंय. ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञानं झेरॉक्स कंपनीच्या दुरुस्ती तंत्रज्ञांबरोबर फिरून दाखवून दिलं, की यंत्र कसं बिघडतं हे ते एकमेकांना गोष्टींतून सांगतात आणि कंपनीच्या पुस्तकात जिथं उत्तर संपतं तिथं या गोष्टी सुरू होतात. त्याचं पुस्तक 1996 चं. पुढे त्याच कंपनीत ‘युरेका’ नावाची व्यवस्था उभी राहिली. तंत्रज्ञानं आपली युक्ती लिहायची, सहकाऱ्यांनी ती तपासायची आणि पसंत पडली तर लिहिणाऱ्याच्या नावासह सगळ्यांपर्यंत पोचवायची. यातल्या ‘नावासह’ या शब्दाखाली रेघ ओढून ठेवा.

तर पहिला सल्ला असा, की काहीही सुरू करण्याआधी तो बाक शोधा. प्रत्येक संस्थेत तो असतो. कुठे दोन शिफ्टमधली दहा मिनिटं असतात, कुठे प्रिंटरजवळचा कोपरा, कुठे ऑफिसनं न काढलेला मोबाइलवरचा ग्रुप. ‘तुम्ही कुठून शिकता?’ असं विचारू नका, लोक ट्रेनिंगचं नाव सांगतात. ‘शेवटचं अडलात तेव्हा पहिला फोन कुणाला केला?’ असं विचारा. वीस जणांना विचारलंत की तीच दोन-तीन नावं परत परत येतील. ती माणसं बहुधा पदानं मोठी नसतात आणि बैठकीत बोलतही नाहीत.

दुसरी गोष्ट जरा कडू आहे. काही महिन्यांनी कंपनीनं सुटे भाग थेट कामाच्या जागी पोचवायला सुरुवात केली. वेळ वाचणार होता, हिशोब चोख होता. स्टोअरची खिडकी बंद झाली आणि बाक कुणीतरी उचलून नेला. निर्णयाच्या बैठकीत मी हजर होते आणि गप्प बसले, कारण ‘बाक’ हा मुद्दा कसा मांडायचा हे मला कळेना. तो बाक म्हणजे आमचा सगळ्यांत स्वस्त वर्ग होता, हे वाक्य मला वर्षभरानं सुचलं.

हे सुचलं तेही लेव्ह आणि वेंगर यांनी दिलेल्या एका उदाहरणावरून. त्यांनी पाच ठिकाणचे शिकाऊ पाहिले. त्यातले दोन शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत. लायबेरियातला शिकाऊ शिंपी बटणं लावणं, काठ दुमडणं अशा शेवटच्या कामांपासून सुरुवात करतो, मग शिवणाकडे जातो आणि कापड बेतणं सगळ्यांत शेवटी. काठ चुकला तर उसवता येतो, कापड चुकीचं कापलं तर गेलं. शिवाय पहिल्या दिवसापासून पुरा झालेला कपडा त्याच्या हातात असतो. उलट अमेरिकेतल्या सुपरमार्केटांमधल्या शिकाऊ खाटकांना पाकिटं बांधायच्या यंत्रावर उभं केलं जायचं आणि ती जागा मांस कापणाऱ्या अनुभवी लोकांपासून दूर, वेगळ्या खोलीत असायची. कापताना बघायलाच मिळायचं नाही. दोघंही कडेचीच कामं करत होते. पण एकाला कडेवरून मधलं दिसत होतं आणि दुसऱ्याला भिंत.

नव्या माणसाला कुठलं काम द्यावं, कुठे बसवावं यावर कुणी तुमचा सल्ला मागितला तर ही भिंत आठवा. घरून काम करणाऱ्या टीममध्ये ती आणखी जाड होते. त्यावर मला सापडलेला एक साधा उपाय म्हणजे नवीन माणसाला अवघड कॉलवर नुसतं ऐकायला घ्यायचं. त्यानं बोलायची गरज नाही, पण तो का आलाय हे सगळ्यांना माहीत हवं.

आता प्रत्यक्ष कामाचं. दुसऱ्या खेपेला मी विषय अरुंद घेतला. फक्त दारं. लिफ्टच्या बिघाडांमध्ये दारांचा वाटा मोठा असतो, त्यामुळे बोलायला काही नाही असा मेकॅनिक सापडणं कठीण. दर पंधरा दिवसांनी एक तास, वार आणि वेळ ठरलेली. दर वेळी एकाच माणसाची एकच न सुटलेली केस. सुटलेली केस आणली की भाषण होतं आणि बाकीचे ऐकत बसतात. न सुटलेली असली की सगळे सरसावून बसतात. बैठक चालवायला मी त्या वरिष्ठ मेकॅनिकांनाच विनवलं. माझं काम खोली मिळवणं, आठवण करणं आणि टिपणं काढणं. टिपणांत त्यांचीच भाषा ठेवली, ‘दार रुसतं’ म्हटलं तर तेच लिहिलं. माझ्या वरच्यांना ते गावठी वाटलं. मेकॅनिक मात्र टिपणं वाचायला लागले.

चुका इथंही झाल्या. प्रतिसाद वाढावा म्हणून मी प्रत्येक नोंदीला गुण ठेवले. महिन्याभरात नोंदींचा पाऊस पडला आणि त्यातल्या बहुतेक ‘खाच साफ केली’ एवढ्याच. गुण बंद केले तेव्हा काही जण रागावले, ते रास्तच होतं. आणखी एकदा विभागप्रमुख कौतुकानं बैठकीला येऊन बसले. त्या दिवशी एकाही माणसाची केस अडलेली नव्हती! माणसं कामाच्या जागी कशी वागतात याच्या अभ्यासक एमी एडमंडसन यांना रुग्णालयांच्या अभ्यासात असंच काहीसं उलटं चित्र दिसलं होतं. चांगलं नेतृत्व आणि चांगले संबंध असलेल्या तुकड्यांमध्ये औषधांच्या चुकांची नोंद जास्त होती, कारण तिथं चूक बोलून दाखवायची भीती कमी होती. पुढे 1999 मध्ये त्यांनी याच धाग्यावर कामाच्या जागी वाटणाऱ्या मानसिक सुरक्षिततेचा अभ्यास प्रसिद्ध केला. मी विभागप्रमुखांना हे सांगितलं. त्यांनी समजून घेतलं, पण मला सांगायला तीन आठवडे लागले.

उपस्थितीचा धसका घेऊ नका. वेंगर आणि सहकाऱ्यांचा अंदाज असा, की गाभ्यातली मंडळी 10 ते 15 टक्के, त्याबाहेर नियमित भाग घेणारे 15 ते 20 टक्के, आणि बाकीचे काठावर. काठावरचे फुकटे नसतात. माझ्या ग्रुपमधला एक जण दीड वर्ष अवाक्षर बोलला नाही, पण प्रत्येक टिपणाची प्रत त्याच्या पिशवीत असायची.

वर अहवाल तर द्यावाच लागतो. तिथं लोक 70:20:10 चा तक्ता लावतात. म्हणजे 70 टक्के शिकणं कामातून, 20 टक्के इतरांकडून, 10 टक्के वर्गातून. हे सूत्र 1980च्या दशकात अमेरिकेतल्या सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिपच्या कामातून पुढे आलं आणि त्याचा आधार यशस्वी व्यवस्थापकांनी स्वतःबद्दल सांगितलेल्या आठवणींचा आहे. दिशा म्हणून ठीक, मोजमाप म्हणून वापरू नका. चाणाक्ष साहेब विचारतील ‘हे आकडे इतके गोल कसे?’ आणि तुम्हाला उत्तर देता येणार नाही. मी अहवालात गोष्ट लिहायचे. कुणाचं काय अडलं होतं, बैठकीत कुणी काय सुचवलं, त्यानंतर त्या इमारतीतून पुन्हा कॉल आला की नाही. दोन पानांत तीन गोष्टी.

या कामासाठी कुठली पदवी हवी, असं मला विचारतात. मनुष्यबळ, मानसशास्त्र, ग्रंथालयशास्त्र, इंजिनिअरिंग, सगळीकडून आलेली माणसं मी पाहिलीत. कंपन्यांत या पदाला कुठे ‘लर्निंग’ म्हणतात, कुठे ‘नॉलेज मॅनेजमेंट’. अर्ज करताना दोन्ही नावांनी शोधा. प्रमाणपत्रापेक्षा एखाद्या कामाचं तुम्ही स्वतः बसून केलेलं निरीक्षण दाखवा. कुठलंही काम चालेल, पण कोण कुणाला काय विचारतं हे त्यात दिसायला हवं. मी मुलाखती घेते तेव्हा हेच मागते आणि दहातले आठ जण ॲपचे स्क्रीनशॉट दाखवतात.

ती कंपनी सोडायच्या आधीची माझी शेवटची बैठक. नुकताच लागलेला एक मुलगा विटेची गोष्ट सांगत होता. त्याच्या गोष्टीत इमारत वेगळी होती, लिफ्ट पाचव्या मजल्यावर अडकत होती आणि मुख्य दाराला कुंडी लावलेली होती. वरिष्ठ मेकॅनिक खाली बघत ऐकत होते. त्याचं संपल्यावर म्हणाले, “कुंडी नव्हती रे. वीट होती. बाकी चालू दे.”