घंटी आधी, हवा नंतर

सायकल बाहेर काढली की हात सवयीनं टायरवर जातो. हवा दाबून बघायची, चेन फिरवायची, ब्रेक आवळायचे. मी गेली काही वर्षं सगळ्यात आधी घंटी वाजवतो. पहाटे मिसळीच्या ओढीनं नाशकाबाहेर पडणाऱ्यांसाठी ही तयारीची यादी आहे आणि तिच्यात पहिला मान घंटीचा. मोटारसायकल अर्ध्या किलोमीटरवरून कळते. बैलगाडी कळते. पायी चालणारा माणूस खोकतो, बोलतो, चपला घासतो. सायकलवाला तेवढा ताशी २५च्या वेगानं, कसलाही आवाज न करता वळणावर उगवतो. या शांततेचं आपल्याला कोण कौतुक! पण बांधावर बसलेल्या बिबट्याच्या, पिलं घेऊन रस्ता ओलांडणाऱ्या रानडुकराच्या किंवा डांबराची ऊब घेत पडलेल्या घोणशीच्या बाजूनं बघा. त्यांच्यासाठी आपण म्हणजे अंगावर आलेलं संकट. जनावर बिथरतं ते बहुतेक वेळा असं अचानक गाठल्यामुळे. म्हणून उसाच्या, झुडपांच्या, नाल्याच्या प्रत्येक वळणाआधी दोनदा घंटी वाजवायची. घंटी नसेल तर खाकरा, गप्पा मारा, गाणं म्हणा. सूर लागला नाही तरी चालेल. कानातले इअरफोन मात्र घरीच ठेवायचे, कारण आपण ऐकू जाणं जितकं गरजेचं, तितकंच आपल्याला ऐकू येणंही.

मग घड्याळ. डिसेंबर-जानेवारीत नाशकात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, जूनमध्ये सहाच्या आसपास. पाच वाजता निघायचा शिरस्ता वर्षभर पाळणारे हे विसरतात की, जानेवारीत पाचला निघालेला माणूस गिरणाऱ्याला पोचला तरी अंधारातच असतो. बिबट्या, तरस, कोल्हा, रानडुक्कर यांची पाळी संध्याकाळी सुरू होते आणि उजाडताना संपते. आपण त्यांची पाळी सुटायच्या आत रस्त्यावर उतरतो. हिवाळ्यात सहाच्या पुढे निघा. मिसळ कुठं पळून जात नाही, उलट तोवर तर्री नीट उतरलेली असते. लवकर निघायचंच असेल तर पहिला तासभर दिव्यांच्या रस्त्यांवर काढा, गंगापूर रोड, कॉलेज रोड असं करत, आणि फटफटल्यावर मखमलाबादच्या, दुगावच्या मळ्यांकडे वळा.

पुढचा दिवा दोन तऱ्हांनी चालणारा हवा. रस्त्यापुरता मंद आणि गरज पडली तर लांबवर जाणारा प्रखर. अंधारात दोन डोळे चमकले की लगेच बिबट्या म्हणू नका. गाय, कुत्रं, मांजर, ससा, सगळ्यांचेच चमकतात. तरसालाही लोक घाईत वाघ ठरवून मोकळे होतात. खांदे उंच, मागचा भाग उतरता, अंगावर पट्टे आणि लंगडल्यासारखी चाल, असं दिसलं तर ते तरस. ते आपल्यापेक्षा घाईत असतं. कोल्ह्याबद्दल एवढंच सांगतो की, नाशकातला कोल्हा द्राक्षांना आंबट म्हणत नाही. कुठल्या बागेत माल पिकला ते त्याला व्यापाऱ्याच्या आधी कळतं.

आता बिबट्या. निफाड, दिंडोरी, सिन्नर आणि दारणाकाठच्या पट्ट्यात उसाला रान समजूनच चालायचं, कारण बिबट्याची मादी तसंच समजते. तिथंच लपते, तिथंच वितेही. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की फड एकामागून एक तुटत जातात आणि तिला पिलं घेऊन जागा बदलाव्या लागतात. त्यामुळे हिवाळ्यात उसाच्या कडेनं जाणारा अरुंद रस्ता मी अंधारात घेतच नाही, मग तो कितीही जवळचा असो. शहरातही ही गोष्ट नवी राहिलेली नाही. गोदावरीचा काठ, नाले, पांडवलेणीचा डोंगर, देवळालीची झाडी या सगळ्या त्याच्या येण्याजाण्याच्या वाटा आहेत, आणि शहरात त्याला भटकी कुत्री आयती मिळतात. ‘अमुक कॉलनीत बिबट्या आलाय’ असा निरोप आला की सायकल घेऊन बघायला धावणारे वीर आपल्यातही आहेत. त्यांना काय म्हणावं! घेरलेला बिबट्याच जास्त माणसं जखमी करतो. रस्ता बदला आणि निरोपाबरोबर आलेला व्हिडिओ पुढं पाठवू नका. निम्मे वेळा तो दुसऱ्याच गावाचा आणि जुना असतो.

समोर दिसलाच तर काय करायचं, हे घरी दोन-तीनदा करून बघा. हसू नका, खरंच बघा. ब्रेक हळू दाबायचा, पाय टेकायचे, उतरायचं, सायकल आपल्या आणि त्याच्या मधे आडवी धरायची. ताठ उभं राहायचं, मोठ्यानं बोलायचं आणि त्याच्याकडे पाठ न करता पावलापावलानं मागे सरकायचं. त्याला निघून जायला वाट मोकळी ठेवायची. वळून जोरात पॅडल मारायची उबळ येते, तीच आवरायची असते. मांजराच्या जातीला पळणाऱ्याच्या मागे लागण्याची खोडच आहे. बोलायचं काय, हेही आधी ठरवून ठेवा, कारण ऐनवेळी शब्द फुटत नाही. आमच्यातला एक जण बाविसाचा पाढा म्हणणार आहे. पाढा म्हणताना आवाज थरथरत नाही असं त्याचं म्हणणं. मला बावीस चोक अठ्ठ्याऐंशीच्या पुढं येत नाही, त्यामुळे मी नुसताच ओरडणार.

या यादीतली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे पंक्चर. बिबट्याचे माणसांवरचे हल्ले पाहिले तर वाकलेला, बसलेला माणूस किंवा लहान मूल त्यात जास्त सापडतं. उभा माणूस त्याच्या शिकारीच्या मापात बसत नाही. आणि पंक्चर काढताना आपण काय करतो? उसाच्या कडेला, अर्धवट उजेडात, रस्त्याकडे पाठ करून उकिडवे बसतो, अर्धा तास. म्हणून चाक बसलं की तिथंच पाने काढू नका. सायकल ढकलत वस्तीपर्यंत, हॉटेलपर्यंत, निदान मोकळ्या माळापर्यंत चला. ट्यूबचं जास्तीचं वेटोळं बरोबर ठेवा म्हणजे ठिगळ लावत बसायला नको. आणि एकानं चाक काढायचं तर दुसऱ्यानं उभं राहून चौफेर बघायचं. हेच लघुशंकेलाही लागू. आडोसा म्हणून उसात शिरायचं नाही. लाज रस्त्याच्या मोकळ्या कडेला सोडलेली बरी. मुलं बरोबर असतील तर त्यांच्या सायकली मधे, मोठे पुढे आणि मागे.

उसात मांजरीएवढी पिलं दिसली तर उचलू नका, फोटोसाठी थांबू नका, आई तिथंच असते. १९२६ हा वन विभागाचा टोल-फ्री क्रमांक फोनमध्ये आजच घालून ठेवा. पिलं त्याच जागी ठेवून आईशी भेट घडवण्याचं काम वनखात्याची माणसं करतात. आपण हात लावला तर त्यांचं काम अवघड होतं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बिबट्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांत आहे, तेव्हा छेडछाड कायद्यानंही महागात पडते.

एवढं बिबट्याचं पुराण लावलं, पण गेल्या दहा वर्षांत आमच्या कंपूत ज्यांना दात लागले, त्या सगळ्यांना ते कुत्र्याचे लागले. मला स्वतःला पेठ रोडला. एका चिकन सेंटरमागच्या उकिरड्यावरून चार कुत्री उठली, मी वेग वाढवला, पाय उगारला, आणि पाय उगारताना तोल जाऊन पडलो. चूक सगळी माझी होती. तिथं कुत्री असतात हे मला महिनाभर माहीत होतं. कुत्री हद्दीची पक्की असतात. हद्द ओलांडली की सोडून देतात, आणि मागे लागतात ती फिरणाऱ्या पायांच्या. आता मी लांबूनच वेग कमी करतो, अंगावर आलीच तर उतरतो, सायकल मधे धरतो आणि घरच्या आवाजात ‘हाड्’ म्हणतो. उतरलेला माणूस म्हटलं की निम्म्या कुत्र्यांचा उत्साह मावळतो. उरलेल्यांसाठी बाटलीतल्या पाण्याची पिचकारी पुरते. काठी, दगड नको. रोज त्याच रस्त्यानं जायचं आहे.

यासाठी सामानात दोन गोष्टी हव्यातच, साबणाची छोटी वडी आणि पिण्याव्यतिरिक्त एक भरलेली बाटली. चावा, ओरखडा, काहीही असो, जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची. बाटली तेवढी पुरत नाही, तेव्हा सुरुवात तिनं करून जवळच्या नळावर किंवा मोटारीच्या पाइपवर पुढचं उरका. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करायची. दंडात घ्यायच्या डोसांचं वेळापत्रक ०, ३, ७, १४, २८ व्या दिवसाचं असतं, आणि जखम खोल असेल किंवा रक्त आलं असेल तर जखमेत वेगळं इंजेक्शन लागतं. रोज सायकल चालवणाऱ्यानं आधीच प्रतिबंधक लस घ्यावी का, हे डॉक्टरांना विचारा. ती घेतलेली असेल तर चावल्यावर दोनच डोस लागतात, ० आणि ३ व्या दिवशी, आणि ते जखमेतलं इंजेक्शन टळतं. मी पडल्यानंतर विचारलं.

सापांपासून पावसाळ्यात आणि गार रात्रींनंतर जास्त जपायचं. डांबर उशिरापर्यंत कोमट राहतं, त्यावर ते येऊन पडतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही चार नावं पाठ हवीत, पण रस्त्यात ओळखपरेड करायची नाही. रस्त्यावर दोरी दिसली तर तिच्यावरून चाक नेऊ नका, लांबून वळसा घाला. घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसते; ती ऐकली तर आहात तिथंच थांबा, मग मागे या. विश्रांतीला दगडी बांधावर बसण्याआधी त्यावर पाय आपटा आणि गवतात पडलेली पाण्याची बाटली आंधळेपणानं हात घालून उचलू नका. चावलाच तर अंगठी, घड्याळ, घट्ट मोजा काढा. चावलेला हात-पाय मोडल्यासारखा फळी किंवा पंप लावून सैलसर बांधा, माणसाला चालवू नका आणि १०८ ला फोन करा, नाहीतर मिळेल त्या गाडीनं त्र्यंबकच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा नाशकात सिव्हिलला गाठा. करकचून बांधणं, चिरा देणं, चोखणं, देवऋषी, यात गेलेला वेळ परत मिळत नाही. साप मारून बरोबर न्यायचीही गरज नसते.

त्र्यंबक आणि सप्तशृंगीच्या वाटेवरच्या माकडांसाठी फार शब्द नकोत. हँडलला लटकवलेली केळ्यांची पिशवी ही तुमची नसतेच. खाऊ चेनच्या पिशवीत बंद ठेवा, दात दाखवून हसू नका, डोळ्यात डोळे घालू नका, खायला घालू नका.

आग्या मोहोळ मात्र गंभीर बाब आहे. कड्यांना, पुलांना, उंच झाडांना लटकलेली काळी पोळी बघून ठेवा. त्यांच्याखाली थांबून ड्रोन उडवणं, धूर करणं, अत्तर फवारणं म्हणजे वेडेपणा. माश्या अंगावर आल्या तर इथं मात्र बिबट्याच्या उलट वागायचं. तोंड झाकून, हात न झटकता, जोरात दूर निघायचं आणि बंद जागेत शिरायचं. पाण्यात उडी मारू नका, त्या वरच घिरट्या घालत राहतात. हेल्मेटखाली पातळ टोपी घाला, म्हणजे भोकातून आत गेलेली एकटी मधमाशी टाळूवर डंख करणार नाही. भर उतारावर हे झालं की काय होतं, ते आमच्यातल्या एकाच्या कॉलरबोनला विचारा. पूर्वी कधी डंखानं घसा सुजला असेल, श्वास लागला असेल, तर डॉक्टरांनी दिलेलं औषध खिशात हवं आणि सोबत्यांना ते कुठं आहे हे माहीत हवं.

मार्च ते मेच्या सुमारास घार, कावळा, कोतवाल डोक्यावर झेप घेतात, घरटं जवळ असतं. हेल्मेट असतंच, वेग न बदलता पुढं चला. टिटवी ओरडत समोर चालायला लागली तर सायकल रस्त्याखाली उतरवू नका. तिची अंडी उघड्या मातीत, खड्यांत मिसळून गेलेली असतात. मोर एकटा रस्ता ओलांडत नाही, मागून लांडोरी येतात, तेव्हा थांबा. त्र्यंबक-इगतपुरीकडे पहिल्या पावसात रस्त्यावर खेकडे आणि बेडूक निघतात. उतारावर ते त्यांच्याही आणि आपल्याही जिवावर बेततं.

बघायलाच जायचं असेल तर हिवाळ्यात नांदूरमध्यमेश्वर. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं हे पक्षी अभयारण्य २०२० मध्ये जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं, राज्यातलं पहिलं. नाशकाहून जाऊन-येऊन १०० किलोमीटरच्या वर होतात, आणि निफाडचा सगळा ऊस वाटेत आहे. म्हणून पहाटेचा प्रवास टाळून आदल्या रात्री जवळच मुक्काम करावा हे उत्तम.

निघताना घरी रस्त्याचं नाव सांगा, ‘जरा फिरून येतो’ असं नको. खिशात रक्तगट आणि घरचा नंबर लिहिलेला कागद ठेवा, कारण हरसूलकडे नेटवर्क जातं आणि कुलूपबंद फोन दुसऱ्याच्या उपयोगाचा नसतो.

आणि शेवटचं, पण सायकलवर बसण्याआधीचं. पावसाळ्यात बाहेर वाळत ठेवलेले बूट उलटे करून दोनदा आपटा. विंचू निघू शकतो. माझ्या बुटातून आजवर फक्त एक बेडूक निघालाय, आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो.