पहिली गाडी, तीही जुनी: मोटारसायकल रस्त्यावर आणण्याचा क्रम

घरी वर्षानुवर्षे उभी असलेली हिरो होंडा सीडी १०० किंवा जुनी स्प्लेंडर पहिली गाडी म्हणून हाती येत असेल, तर तिला भंगारात घालण्याची घाई करू नये. सीडी १०० भारतात १९८५ साली आली आणि स्प्लेंडर १९९४ साली, दोन्हींचे ९७.२ सीसीचे फोर स्ट्रोक इंजिन एकाच घराण्यातले असल्याने सुटे भाग आजही मिळतात आणि नाशिकच्या बहुतेक मेकॅनिकांचा हात त्यावर बसलेला आहे. यामाहाच्या आरएक्स १०० चे वेड समजण्यासारखे आहे, परंतु जिचे उत्पादन १९९६ मध्येच थांबले आणि जिचा पिकअप नवख्या हाताला सहज आवरत नाही, ती गाडी पुढे कधीतरी घेतलेली बरी.

पैसे खर्च करण्यापूर्वी कागद पाहावेत. आरसी बुकातील चेसिस आणि इंजिन क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकांशी जुळतात की नाही, हे गंज पुसून स्वतःच्या डोळ्यांनी वाचावे. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते. ती संपली असल्यास पेठ रोडवरील प्रादेशिक परिवहन कार्यालयात नमुना २५ भरून, पर्यावरण कर भरून आणि गाडीची तपासणी करून घेऊन पाच वर्षांचे नूतनीकरण मिळते, तर नाव बदलण्यासाठी नमुना २९ आणि ३० लागतात. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा क्रमांकपट्टीही बसवावी लागते. शिकाऊ परवाना याच काळात काढून ठेवावा, कारण पक्क्या परवान्याची चाचणी त्यानंतर किमान ३० दिवसांनी देता येते.

दुरुस्तीची सुरुवात बहुतेक जण इंजिनापासून करतात. नवशिक्याने ती थांबण्यापासून करावी, म्हणजे आधी ब्रेक, टायर आणि हँडल पाहावे. टायरवर नक्षी भरपूर दिसली तरी बाजूच्या भिंतीवरील चार अंकी आकडा वाचावा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. रबराला बारीक चिरा असतील, तर टायर, ट्यूब आणि रिम टेप एकदमच बदलावे. ब्रेकचा ड्रम उघडल्यावर आतली काळी भुकटी फुंकून उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. ब्रेक शू झिजले नसतील तरी त्यांना तेल लागले असेल तर ते टाकून द्यावेत. त्यानंतर गाडी मेन स्टँडवर घेऊन पुढचे चाक उचलून धरावे आणि फोर्कची, म्हणजे चाक धरणाऱ्या दोन नळ्यांची, खालची टोके मागे-पुढे हलवावीत. टक असा आवाज आला तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग, सैल आहे. हँडल वळवताना मधोमध अडकल्यासारखे वाटले तर कोनसेट खड्डे पडून संपला आहे आणि तो आवळून उपयोग नाही.

दीर्घकाळ बंद असलेल्या इंजिनाला थेट किक मारू नये. स्पार्क प्लग काढून त्या छिद्रातून चमचाभर इंजिन ऑइल सोडावे, ते रात्रभर मुरू द्यावे आणि सकाळी स्विच बंद ठेवून, प्लग न लावता किक हळूहळू दाबावी. जुने ऑइल काढून नवे भरताना ते मोटारसायकलचेच, जेएएसओ एमए दर्जाचे असावे. क्लच त्याच ऑइलमध्ये फिरत असल्याने कारचे ऑइल घातले तर क्लच घसरू शकतो. या इंजिनात बदलण्याजोगा कागदी ऑइल फिल्टर नसतो, क्रँकच्या, म्हणजे पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याच्या, टोकाला एक फिरती वाटी असते आणि तिच्यात वर्षांचा गाळ काळ्या लोण्यासारखा बसलेला सापडतो. क्लच कव्हर उघडून ती वाटी आणि खालची जाळी साफ करून घेण्याचा आग्रह मेकॅनिककडे जरूर धरावा, कारण हे काम बहुधा टाळले जाते.

पेट्रोलची टाकी रिकामी करून आत टॉर्च मारावा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते; ते हवेतील ओलावा ओढते आणि जुन्या रबराला मानवत नाही. त्यामुळे पेट्रोल पाइप, टाकीखालच्या कॉकचे वायसर आणि कार्बोरेटरच्या ओ-रिंगा नव्या घालाव्यात.

आता ट्यूनिंग. गाडी कंपनीच्या मूळ मापांवर परत आणणे एवढाच त्याचा अर्थ घ्यावा. क्रमही ठरलेला आहे: एअर फिल्टर, प्लग, टॅपेट (व्हॉल्व्ह आणि तो दाबणारा रॉकर यांच्यातील फट) आणि सर्वांत शेवटी कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग). प्रत्यक्षात हात आधी कार्बोरेटरच्या स्क्रूवरच जातो, आणि टॅपेटचा दोष मग तिथे लपवला जातो.

टॅपेट इंजिन पूर्ण थंड असतानाच तपासावेत, म्हणजे रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर सकाळी. डाव्या कव्हरची दोन्ही बुचे काढून मॅग्नेट, म्हणजे क्रँकवरचे जड चाक, घड्याळाच्या उलट दिशेने फिरवावा आणि त्यावरील ‘टी’ची खूण वरच्या छोट्या खिडकीत कव्हरवरील खाचेसमोर आणावी. या स्थितीत दोन्ही रॉकर बोटाने किंचित हलले पाहिजेत. हलत नसतील तर मॅग्नेट आणखी एक पूर्ण फेरा फिरवावा. दोन्हीकडे फट ०.०५ मिलिमीटर हवी. फिलर गेजची, म्हणजे फट मोजण्याच्या साधनाची, पाती हलकासा विरोध होऊन सरकली की माप बरोबर समजावे, मात्र नट आवळताना स्क्रू बऱ्याचदा सोबत फिरतो, म्हणून आवळून झाल्यावर पाती पुन्हा घालून पाहणे आवश्यक आहे. टॅपेटचा थोडा आवाज चालतो. आवाजच नको म्हणून फट संपवली तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि जळतो.

प्लगची फट ०.६ ते ०.७ मिलिमीटर ठेवावी. त्यानंतर दहा-पंधरा मिनिटे चालवून गरम केलेल्या इंजिनावर कार्बोरेटरचा एअर स्क्रू हळूच पूर्ण आत न्यावा, मग दीड फेरा बाहेर काढून थोडा मागे-पुढे करत आवाज सर्वांत चढा आणि एकसारखा लागेल तिथे थांबावे, व शेवटी थ्रॉटलच्या स्क्रूने आयडलिंग मिनिटाला सुमारे १४०० फेऱ्यांवर आणावे. काही दिवसांनी प्लग पाहावा: टोक फिकट तपकिरी असेल तर काम जमले, कोरडे काळे असेल तर पेट्रोल जास्त आहे, पांढुरके असेल तर कमी, आणि तेलकट काळे असेल तर पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील पाहावे लागतील. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, परंतु एवढ्यासाठी कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र) बदलण्याची गरज नाही. हिवाळ्यात पहाटे गाडी चोकशिवाय उठत नसेल, तर तो दोषही नव्हे.

पहिला सराव सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत सुट्टीच्या दिवशी, ‘एल’ची पाटी लावून आणि हेल्मेट घालून करावा, मागे बसणारा असेल तर तो पक्का परवानाधारक आणि शिकवणाराच असावा. सुमारे ३०० किलोमीटर झाल्यावर ऑइल पुन्हा बदलावे, चेनचा ढिलेपणा मधोमध २० ते ३० मिलिमीटर आहे का ते मोजावे आणि टॅपेट परत पाहावेत. कसारा घाट त्यानंतरच, आणि उतारावर क्लच दाबून गाडी न सोडता खालच्या गिअरमध्ये, कारण सतत दाबलेला ड्रम ब्रेक तापला की पकड सोडतो.