राइड सारखी बंद पडतेय? मोठ्या पार्कांनी केलेल्या या चुका टाळा

अम्युझमेंट पार्कातली राइड बंद पडली की आपण आधी मोटर, सेन्सर, वायरिंग बघतो. बघायलाच हवं. पण तोच बिघाड महिन्यात तिसऱ्यांदा आला, तर पाना खाली ठेवा आणि कागद काढा. इंडेंट (सुट्या भागाची खरेदी-मागणी) कधी गेलं, कुणाच्या टेबलावर पडून राहिलं, जॉब कार्डावर (केलेल्या दुरुस्तीच्या नोंदीवर) सही कोणाची? जगातल्या नावाजलेल्या पार्कांच्या अपघात-चौकशा वाचल्या, तर अर्धा बिघाड ऑफिसात सापडतो.

ट्रिप झाला, रीसेट मारला

ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टवर ड्रीमवर्ल्ड नावाचं पार्क आहे. २५ ऑक्टोबर २०१६ ला तिथल्या थंडर रिव्हर रॅपिड्स या पाण्याच्या राइडचा एक पंप दोनदा बंद पडला. दोन्ही वेळा रीसेट करून राइड चालू केली. दुपारी दोनच्या सुमारास तो तिसऱ्यांदा बसला. पाणी भराभर उतरलं, एक रिकामा तराफा खालच्या लोखंडी पट्ट्यांवर टेकून अडकला आणि मागचा कन्व्हेअर, म्हणजे तराफे पुढे नेणारा सरकता पट्टा, मात्र फिरतच राहिला. त्याने माणसांनी भरलेला तराफा आणून त्या रिकाम्यावर आदळला. चार जण गेले.

पाण्याची पातळी उतरली की कन्व्हेअर आपोआप थांबेल, अशी सोयच नव्हती. ती बसवायचा खर्च काही हजार डॉलर. २०२० मध्ये कोर्टाने कंपनीला दंड केला तो ३६ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा. उतरायच्या फलाटावर कन्व्हेअर लगेच थांबवणारं बटण होतं, पण त्यावर नाव नव्हतं. तिथे उभ्या असलेल्या मुलीचा त्या राइडवरचा पहिलाच दिवस होता आणि तिला सांगितलं होतं, त्या बटणाची काळजी करू नकोस.

तेव्हा एकाच दिवशी तोच ट्रिप (यंत्र आपोआप बंद पडणं) दुसऱ्यांदा आला, तर रीसेट ऑपरेटरच्या हातात ठेवू नका. राइड थांबवायचा अधिकार सगळ्यांत नवख्या पोरालाही द्या. पुन्हा चालू करायची ती मात्र इंजिनिअरच्या सहीनेच.

दुरुस्ती थांबवा, खरेदी चालू ठेवा

ड्रीमवर्ल्डच्या चौकशीत अपघाताच्या काही महिने आधीच्या एका बैठकीची नोंद बाहेर आली. दुरुस्ती-देखभालीवरचा खर्च थांबवा, फक्त भांडवली खर्च करा, असा तिचा सूर. हिशेब कळतो. नवी राइड ताळेबंदात मालमत्ता म्हणून बसते, तिचा खर्च वर्षानुवर्षं पसरतो, उद्घाटनाचे फोटोही येतात. बेअरिंग मात्र याच वर्षीच्या नफ्यातून वजा होतं. बेअरिंगसोबत फोटो कोण काढणार?

मी एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो. चारशे रुपयांच्या ऑइल सीलसाठी तीन कोटेशनं मागवली. तिसरं येईपर्यंत मशीन नऊ दिवस बंद. पर्चेसच्या साहेबांनी त्यात पस्तीस रुपये वाचवले, हे मात्र कबूल करायला हवं. तेव्हापासून इंडेंटवर किमतीशेजारी मी एक रकाना हाताने आखायचो: बंद राहिल्यास तासाला नुकसान किती. सह्या लवकर व्हायला लागल्या. लहान रकमेची खरेदी थेट मेंटेनन्स हेडच्या सहीने करू दिली, तर आणखी उत्तम.

आवाज येतोय, पण एवढी फेरी होऊ दे

कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड, बिग थंडर माउंटन ही रोलर कोस्टर, ५ सप्टेंबर २००३. इंजिनाच्या एका चाकाचे नट-बोल्ट ठरल्याप्रमाणे आवळले नव्हते आणि ते सैल होऊ नयेत म्हणून लावायची सेफ्टी वायरही नव्हती. खडखड ऐकू आली होती. गाडी काढायचं ठरलंही होतं, पण आणखी एका फेरीनंतर. त्या फेरीत बावीस वर्षांचा एक तरुण गेला.

चेकलिस्टवरची टिक मारायची चौकट काढून टाका आणि टॉर्कचा, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळला त्याचा, आकडा लिहायला जागा करा. टिक चहा पितापिता मारता येते, आकड्यासाठी निदान पाना लावावा लागतो. (मनाने आकडे भरणारे महाभागही भेटलेत, त्यांच्यासाठी अधूनमधून स्वतः जाऊन एखादा बोल्ट तपासा.)

स्वस्त आणि मजबूत स्पेअर

डिस्नेलँडमधल्याच कोलंबिया जहाजाला बांधायचा तागाचा दोर ताण आला की तुटावा, असाच होता. पैसे वाचवायला नायलॉनचा आणला. २४ डिसेंबर १९९८ ला तो ताणला गेला, पण तुटला नाही. त्याने जहाजाच्या लाकडातला लोखंडी खुंटा उपटून काठावरच्या माणसांवर फेकला आणि त्यात एक पाहुणा दगावला. स्पेअर बदलताना आधी विचारा, मूळ वस्तू तुटायलाच तर ठेवली नव्हती ना?

शिफ्टला न कळलेली गाडी

इंग्लंडमधल्या ऑल्टन टॉवर्स पार्कच्या स्मायलर या रोलर कोस्टरवर २ जून २०१५ ला गर्दी बघून पाचवी गाडी ट्रॅकवर आणली. दुरुस्तीला आलेल्या इंजिनिअरांना ते ठाऊकच नव्हतं. एक रिकामी गाडी वर अडकलेली, कॉम्प्युटर पुढची गाडी सोडू देईना. यांनी मोजल्या चार, चारही दिसल्या, म्हणजे कॉम्प्युटरच चुकतोय असं ठरवून त्याला बाजूला सारलं आणि सोळा माणसांची गाडी सोडली. दोन मुलींना पाय गमवावा लागला. कंपनीला ५० लाख पौंड दंड झाला. कंट्रोल रूमच्या दारातच एक फळा लावा आणि शिफ्ट बदलताना त्यावर ठळक लिहा: आज ट्रॅकवर गाड्या किती.