वक्र पृष्ठभागाचं फिनिशिंग: टूलपाथ निवडताना या चुका टाळा

कुडाळ, मिरजोळे किंवा लोटे एमआयडीसीतल्या सीएनसी मशीन शॉपमध्ये मोल्डवर (साच्यावर) रेघा दिसल्या की संशय आधी मशीनवर जातो, मग टूलवर. बऱ्याचदा गडबड टूलपाथमध्ये, म्हणजे टूल जॉबवरून ज्या वाटेने फिरतं त्यात, असते. रेघा नेमक्या कुठे आल्यात, ते आधी बघा.

तळ गुळगुळीत आणि भिंती खरखरीत? म्हणजे अख्ख्या जॉबवर एकच पॅरलल (वरून बघता समांतर रेघांत जाणारा पाथ) चालवलाय. पॅरललमध्ये स्टेपओव्हर, म्हणजे टूलच्या दोन फेऱ्यांमधलं (पासमधलं) अंतर, वरून बघून, आडव्या प्रतलात मोजला जातो. १० मिमी व्यासाचा बॉलनोज (अर्धगोल टोकाचं टूल) आणि ०.३ मिमी स्टेपओव्हर घ्या. दोन पासमधल्या उंचवट्याचा, म्हणजे कस्पचा, हिशोब सोपा आहे: स्टेपओव्हरचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट. सपाटीवर सुमारे ०.००२ मिमी येतो. पासला आडव्या जाणाऱ्या ६०° उतारावर मात्र पृष्ठभागावरचं अंतर ०.६ मिमी होतं आणि कस्प चौपट, ०.००९. ७५° ला तो ०.०३ च्या वर जातो. मग स्टेपओव्हर ०.१ केला जातो, वेळ तिप्पट लागतो, आणि तळ उगाचच आणखी गुळगुळीत होतो.

कंटूरचं, म्हणजे एकेका उंचीवर आकाराभोवती फिरत खाली उतरणाऱ्या पाथचं, नेमकं उलट. झेडमध्ये (उभ्या दिशेत) ०.३ चा स्टेप भिंतीवर छान, पण १०° उतारावर दोन पासमध्ये १.७ मिमी अंतर पडतं. तिथे पायऱ्या बोटालाही लागतात.

म्हणून उतार बघून काम वाटून द्या: ४३° ते ९०° कंटूर, ०° ते ४७° पॅरलल किंवा स्कॅलप (पृष्ठभागावरच पासमधलं अंतर सारखं ठेवणारा पाथ). मधले चार अंश मुद्दाम दोन्हीकडे ठेवायचे, नाहीतर सांध्यावर रेघ उठते. दोन्ही पाथना एकच टूल वापरा. टूल बदललं की लांबीतल्या ०.०१ च्या फरकानेही तिथे पायरी दिसते.

पूर्ण सपाट भाग बॉलनोजला देऊच नका. ०.२ मिमी खोलीला १० मिमीचा बॉल जेमतेम २.८ मिमी व्यासावर कापतो, आणि टोकाला तर वेग शून्यच. ६००० आरपीएमला कागदावर १८८ मीटर प्रति मिनिट, प्रत्यक्षात ५३. टोक धातू कापत नाही, घासतं. तिथे बुलनोज (सपाट तळाचं, गोलसर कडांचं टूल) चालवा.

कोपऱ्यात चॅटर (टूल थरथरून उठणाऱ्या खुणा) येत असेल तर मॉडेलची आतली त्रिज्या बघा. आर५ च्या (५ मिमी त्रिज्येच्या) कोपऱ्यात १० चा बॉल घातला की टूल एकदम चहूबाजूंनी अडकतं. ८ किंवा ६ चा घ्या, आणि त्याआधी रेस्ट मशीनिंगने, म्हणजे आधीच्या मोठ्या टूलला न पोचलेल्या जागीच चालणाऱ्या पाथने, कोपऱ्यातला उरलेला माल काढा.

वक्र भागावर छोट्या सपाट चकत्या-चकत्या दिसत असतील तर बहुधा टॉलरन्स, म्हणजे पाथला मॉडेलपासून किती हटू द्यायचं ती मर्यादा, ढिला आहे. फिनिशिंगला ०.००५ मिमी ठेवा. एसटीएल फाइलच (त्रिकोणी तुकड्यांनी बनलेलं मॉडेल) जाडीभरडी असेल तर मात्र टॉलरन्स घट्ट करून काही उपयोग नाही, मूळ सरफेस मागवा.

पावसाळ्यात लाइट जाते, हे गृहीत धरून प्रोग्रॅमचे तुकडे नैसर्गिक कडांवर पाडा. लाइट आल्यावर थंड स्पिंडलने लगेच पुढे गेलात तर झेडमध्ये पायरी पडते. पंधरा-वीस मिनिटं स्पिंडल फिरवा आणि चार-पाच पास मागून सुरू करा. जॉब उतरवल्यावर कूलंट पुसून तेल लगेच मारा. खाऱ्या दमट हवेत पी२० स्टील (मोल्डचं नेहमीचं स्टील) रातोरात गंजाचे डाग धरतं, आणि ते पॉलिशने काढताना मापही जातं.