स्थानिक फेऱ्यांवरील पॅलेटचा हिशेब : या चुका टाळा

भिवंडीच्या गोदामांतून ठाणे, कल्याण, नवी मुंबईकडे रोज माल पोहोचवणाऱ्या वितरकाकडे पॅलेट (माल रचून उचलण्यासाठीची लाकडी किंवा प्लास्टिकची चौकट) कमी भरू लागली की पहिला संशय चोरीचा येतो. चोरी होतेही, परंतु माझ्या पाहण्यात पॅलेट बहुधा त्या क्षणी हरवते, जेव्हा माल उतरलेला असतो, टेम्पोचालकाला पुढचे ठिकाण गाठायचे असते आणि दुकानातील माणूस ‘रिकामी पुढच्या फेरीला न्या’ असे सांगतो. त्या वाक्याची नोंद कुठेच होत नाही.

मूळ चूक म्हणजे फक्त गोदामातील एकूण आकडा पाहणे. पॅलेट ग्राहकाच्या दारात राहते, म्हणून खातेही ग्राहकाच्या नावानेच हवे : दिलेली पॅलेट त्याच्या नावे, परत आलेली जमा. समजा, एका दुकानाला सोमवारी 6 पॅलेट दिली आणि 4 रिकामी मिळाली. गुरुवारी 5 दिली आणि 5 मिळाली. गुरुवारचा कागद पाहणाऱ्याला हिशेब चोख वाटतो, कारण त्या दिवशी दिली तेवढीच परत आली आहेत; सोमवारची 2 मात्र तिथेच राहिलेली असतात. त्यामुळे प्रत्येक चलनावर (मालासोबत जाणाऱ्या कागदावर) मागील शिल्लक, दिलेली, मिळालेली आणि आताची शिल्लक असे चार रकाने छापून घ्यावेत व माल घेणाऱ्याची सही शेवटच्या आकड्यासमोर घ्यावी. शिल्लक चुकीची वाटली तर तो तिथल्या तिथे सांगतो. महिन्याभरानंतर विचारल्यास कोणालाच काही आठवत नाही.

संख्या जुळली तरी प्रकार जुळतोच असे नाही. 1200 × 1000 मिलिमीटरचे पॅलेट देऊन 1200 × 800 चे घेतले, प्लास्टिकचे देऊन फळी तुटलेले लाकडी घेतले, तर कागदावर तूट दिसत नाही आणि गोदामात मात्र निकामी पॅलेटचा ढीग वाढतो. भाड्याची पॅलेट यात मिसळली तर अधिकच नुकसान होते, कारण ती मालकाकडे परत जाईपर्यंत भाडे चालूच राहते. प्रकारानुसार वेगळी नोंद करावी आणि मोडके पॅलेट स्वीकारताना तसे चलनावर लिहावे.

हरवलेल्या पॅलेटची रक्कम चालकाच्या पगारातून कापणे मला अन्यायकारक वाटते, आणि हिशेबाच्या दृष्टीनेही ते घातक आहे. ज्याला तुटीची शिक्षा होते, तो तूट लिहिणे टाळतो, आणि खरी नोंद करणारा तेवढा एकच माणूस आपल्या हातून जातो.

काही जण खातेवही नीट नसतानाच क्यूआर कोड किंवा आरएफआयडी (रेडिओलहरींनी वाचली जाणारी खूणचिठ्ठी) घेतात. कोड वरच्या फळीवर लावला तर पॅलेट एकावर एक रचल्यावर तो झाकला जातो आणि माल सरकताना घासला जातो. तो समोरासमोरच्या दोन बाजूंना लावावा. ओले लाकूड व धातू यांच्याजवळ आरएफआयडीचे वाचन चुकू शकते, हेही खरेदीपूर्वी आपल्या मालावर तपासून पाहावे.

मोजणी मार्चअखेरीपर्यंत लांबवू नये. दर आठवड्याला बाहेर असलेल्या पॅलेटच्या संख्येला रोज सरासरी जाणाऱ्या संख्येने भागावे. 240 पॅलेट बाहेर असतील आणि रोज 20 जात असतील, तर एक पॅलेट सरासरी 12 दिवसांनी परतते. हाच आकडा 16 वर गेला, तर कोणीतरी पॅलेट अडवून ठेवली आहेत किंवा ती गेली आहेत. कोणत्या खात्याची शिल्लक वाढली, हे लगेच पाहावे.

पॅलेटसाठी ग्राहकाकडून अनामत घेतल्यास तिचे खाते विक्रीपासून वेगळे ठेवावे. जीएसटी कायद्याच्या कलम 2(31) नुसार अनामत रक्कम पुरवठादाराने मोबदल्यात वळती करेपर्यंत ती मोबदला धरली जात नाही.

इतके करूनही आकडा जुळला नाही, तर आधी खात्यात न चढवलेली चलने, मग रस्त्यावरील गाड्या, दुरुस्तीचा ढीग आणि एका दुकानातून दुसऱ्या दुकानात परस्पर गेलेली पॅलेट या क्रमाने तपासावे. ग्राहकाकडे बोट त्यानंतरच दाखवावे. तफावत सापडल्यावर जुनी नोंद खोडू नये. तारीख व कारण लिहून दुरुस्तीची नवी नोंद करावी आणि पुढच्या फेरीच्या चलनावर ती ग्राहकाला दाखवून सही घ्यावी.