नहरीच्या मागाने जुने शहर: पायी फेरी कशी घडवून आणावी

छत्रपती संभाजीनगरचे जुने शहर पाहुण्यांना दाखवताना बीबी का मकबरा, पाणचक्की आणि एखादा दरवाजा गाडीतून पाहून मोकळे होण्याची रीत पडली आहे. त्यातून हे शहर वसले कसे, ते कळत नाही. गट घेऊन पायी फेरी घडवणाऱ्याने आधी एक सूत्र पक्के करावे, आणि माझ्या मते येथे ते सूत्र पाणी हेच असले पाहिजे. अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी या गावी, म्हणजे आजच्या याच शहराच्या जागी, राजधानी वसवली, तेव्हा वाढत्या वस्तीची तहान केवळ खाम नदीवर भागणारी नव्हती; म्हणून त्याने डोंगरांकडचे जमिनीखालचे पाणी भुयारी नहरीने शहरात आणले. त्याच्यानंतरही नव्या नहरी बांधल्या गेल्या आणि पुऱ्यापुऱ्यांतून, म्हणजे शहराच्या वस्त्यावस्त्यांतून, पाणी खेळले.

गट पंधरा जणांहून मोठा नसावा, कारण जुन्या गल्ल्यांत याहून अधिक लोक एका बाजूला उभे राहू शकत नाहीत. मार्ग आदल्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळी स्वतः चालून पाहावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. एप्रिल-मेमध्ये मराठवाड्याचे ऊन पाहता सकाळी सातला निघून दहाच्या आत आटोपावे. शुक्रवारची दुपार टाळावी.

सुरुवात पाणचक्कीपासून करावी आणि येथे घाई करू नये. हौदाच्या काठी उभे राहून उंच भिंतीच्या माथ्यावरून पडणारे पाणी सर्वांना पाहू द्यावे आणि मग विचारावे, की पंप नसताना हे पाणी एवढे वर चढले कसे? उत्तर लगेच सांगू नये. लोक तर्क करतात, भिंतीमागे डोकावतात, आणि त्यानंतर सांगितलेले त्यांच्या कायमचे लक्षात राहते: झरा कित्येक किलोमीटर दूर आणि या भिंतीच्या माथ्याहून उंचावर आहे, पाणी बंद नळांतून येते, त्यामुळे ते आपली मूळ पातळी गाठू पाहते आणि आपोआप वर चढते. वाटेत नळांत कोंडलेली हवा बाहेर पडावी म्हणून ठिकठिकाणी दगडी-विटांचे मनोरे उभारलेले असत. या पाण्याच्या जोरावर जात्याखालची लोखंडी पात्यांची चक्री फिरे आणि दर्ग्यात राहणाऱ्या फकिरांसाठी, विद्यार्थ्यांसाठी व यात्रेकरूंसाठी दळण होई. चक्कीचे काम १७४४ च्या सुमाराचे आहे. हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत आहे, ही गोष्ट दाखवायला विसरू नये. शेजारी बुखाऱ्याकडचे सूफी बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा आहे. तेथे डोके झाकून जावे, आवाज खाली ठेवावा आणि छायाचित्रापूर्वी परवानगी घ्यावी.

महमूद दरवाजातून खाम नदी ओलांडताना एका रांगेत चालावे, दुचाकींची ये-जा सतत असते. माहिती सांगायला कमानीखाली थांबू नये.

पुढचा मोठा थांबा भडकल दरवाजा. मोगलांवरील विजयाची आठवण म्हणून मलिक अंबरने तो १६१२ मध्ये उभारला असे मानले जाते, तर शहराची तटबंदी औरंगजेबाने मराठ्यांच्या धास्तीने १६८२ मध्ये बांधवली. म्हणजे दरवाजा तटाहून सत्तर वर्षांनी थोरला आहे. पुऱ्यांची कहाणी सांगायला हीच जागा योग्य. मलिक अंबरच्या काळात मराठा सरदारांच्या नावांनी मालपुरा, खेलपुरा, विठापुरा अशा वस्त्या झाल्या. पुढे औरंगजेबाच्या काळात राजपूत व बुंदेले सरदारांच्या नावांनी जयसिंगपुरा, कर्णपुरा, पहाडसिंगपुरा वसले. हबशी वजीर, भोसले घराण्यातील सरदार, बिकानेरचा राजा (कर्णपुरा त्याच्याच नावाचा) आणि बुखाऱ्याकडचा सूफी एकाच शहराच्या घडणीत असणे, हे मला या फेरीचे खरे मोल वाटते. ते सांगताना कोणाही एकाला झुकते माप देऊ नये.

या शहराला बावन्न दरवाजे होते म्हणतात ते खरे का, हा प्रश्न येथेच हमखास येतो. बावन्न ही संख्या लोकांच्या तोंडी आहे, आज उभे असलेले दरवाजे त्याहून फार थोडे आहेत, असे स्पष्ट सांगावे. ऐकीव गोष्ट जरूर सांगावी, पण ती ऐकीव म्हणूनच.

जामा मशीद मलिक अंबरने बांधली व औरंगजेबाने वाढवली. नमाजाच्या वेळा सोडून, आधी विचारून, थोडा वेळ आत न्यावे. तेथून शहागंज आणि सिटी चौकमार्गे गुलमंडीकडे यावे. या भागात थांबे नकोत, बाजार चालू असतो आणि दुकानांपुढे गर्दी करून उभे राहणे दुकानदारांवर अन्याय करणारे आहे.

खाण्याची सोय आधी ठरवून ठेवावी. मांसाहार करणाऱ्यांना नान-खलिया अवश्य खाऊ घालावा. मुहम्मद तुघलकाच्या फौजेबरोबर तो दौलताबादेत आला, अशी समजूत आहे. इतरांसाठी गरम इमरती. परतीची वाहने पैठण गेटपाशी बोलवावीत, कारण गुलमंडीच्या गर्दीत बस वळवायलाही जागा मिळत नाही.