रस्त्याच्या कामाची कागदपत्रं माहिती अधिकारात काढताना

जोडपत्र 'अ' म्हणजे अर्जाचा नमुना आणि 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एवढं सगळ्यांना माहीत असतं. केंद्राच्या कार्यालयाला मात्र हा स्टॅम्प चालत नाही, तिथे पोस्टल ऑर्डर लावा.

अर्जाला हात घालण्याआधी कॅलेंडर उघडा. अर्ज जमा झाल्याची तारीख, त्यानंतरचा 30वा दिवस (उत्तर देण्याची मुदत) आणि त्यापुढचे आणखी 30 दिवस. ही शेवटची तारीख पहिल्या अपिलाची, म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्याकडे दाद मागण्याची, ती लाल पेनाने लिहा. उत्तर आलं नाही तरी अपिलाची मुदत संपतेच, कारण कायद्याने गप्प बसणं म्हणजे नकार. मागच्या वेळी "फाईल साहेबांकडे आहे, दोन दिवसांत देतो" या शब्दावर थांबण्यात ती उलटून गेली. पुरेसं कारण असेल तर उशीर माफ होतो, पण तोंडी आश्वासन कागदावर दाखवणार कसं?

"रस्ता खराब का झाला?" असं विचारू नका. कारणमीमांसा करायला जन माहिती अधिकारी, म्हणजे अर्जाला उत्तर देणारा अधिकारी, बांधील नाही. कागद मागा. अंदाजपत्रक, कार्यादेश (वर्क ऑर्डर), देयकं हवीतच, पण खरा जीव मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे एमबीत. देयकात नुसती रक्कम दिसते. एमबीत लांबी, रुंदी, जाडी, मोजणीची तारीख आणि अभियंत्याची सही असते. ती पानं हातात असली की टेप घेऊन थेट रस्त्यावर जाता येतं. कामाचं नाव कार्यादेशात आहे तसंच लिहा, कालावधी तारखांसह द्या. राज्याच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय, तोही 150 शब्दांत.

"सर्व कागदपत्रे" तर मुळीच लिहू नका. पानाला 2 रुपये या दराने भलीमोठी रक्कम भरायचं पत्र येईल. आधी अभिलेखांचं अवलोकन मागा, हवी ती पानं टिपून घ्या आणि तेवढ्याच प्रती काढा. शुल्काचं पत्र आलं तर लगेच भरा: पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस त्या 30 दिवसांत धरत नाहीत. म्हणजे कॅलेंडर पुन्हा काढा, अपिलाची तारीख पुन्हा मोजा. आणि पोच! शिक्का, तारीख, आवक क्रमांक. पोच नसेल तर अपिलाची तारीख मोजणार कुठून?

वैयक्तिक माहिती म्हणून नाकारलं तर माहिती अधिकार कायद्याचं कलम 10 दाखवा: तेवढा भाग झाकून उरलेला द्यावा लागतो. पहिलं अपील जोडपत्र 'ब', 20 रुपये. निकाल 30, फार तर 45 दिवसांत. नाही लागला तर दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे, 90 दिवसांच्या आत. तीही तारीख लाल पेनानेच.